शाळेशेजारचे ग्रंथालय

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या गावी जा. बाजारपेठेच्या मागच्या बाजूस, एखाद्या देवळाजवळ किंवा नगरपालिकेच्या कचेरीशेजारी तुम्हांस एक बैठी इमारत आढळेल. दारावर पाटी असते आणि पाटीवर स्थापनेचे वर्ष कोरलेले असते. आत लांबट मेजावर वर्तमानपत्रे पसरलेली असतात. भिंतीलगतच्या काचेच्या कपाटांतून पुस्तकांच्या रांगा उभ्या असतात. हे गावचे सार्वजनिक वाचनालय. तेथून पाच-दहा मिनिटांच्या वाटेवर गावची शाळा असते. शे-दोनशे मुले रोज तेथे जमतात आणि सायंकाळी आपापल्या घरी परततात. एका घरात पुस्तके आहेत, दुसऱ्या घरात वाचक आहेत. दोहोंमधील अंतर फार नाही. तरीही ते ओलांडून जाणारी मुले मोजकीच असतात.

शाळा आणि ग्रंथालय या दोन निरनिराळ्या संस्था आहेत, एकीचा दुसरीशी संबंध असलाच पाहिजे असे नाही, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. माझे मत याच्या अगदी उलट आहे. ही दोन्ही एकाच कार्याची दोन अंगे आहेत, आणि एकाचे काम दुसऱ्यावाचून पुरे होत नाही. शाळा मुलास वाचावयास शिकविते. परंतु शिकलेले वाचन जन्मभर चालू राहील अशी सोय शाळेपाशी नसते. ती सोय ग्रंथालयापाशी असते. म्हणून शाळेने आपला विद्यार्थी ग्रंथालयाच्या स्वाधीन केला पाहिजे, आणि ग्रंथालयाने त्याचे स्वागत केले पाहिजे. हा व्यवहार सध्या योगायोगावर सोडलेला आहे. तो नियमाने व्हावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आपली ग्रंथालये काही कालपरवाची नाहीत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे आहे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ साली, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० साली आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली सुरू झाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचे. यांतील बहुतेक संस्था गावोगावच्या हौशी मंडळींनी, वर्गण्या गोळा करून आणि देणग्या मिळवून नावारूपास आणल्या. त्या मंडळींविषयी आपण कृतज्ञ असले पाहिजे. तथापि त्यांच्या डोळ्यांपुढे जो वाचक होता तो मुख्यत्वे मोठ्या वयाचा, लिहितावाचता येणारा आणि वर्गणी भरू शकणारा होता. लहान मूल हा स्वतंत्र वाचक आहे, ही कल्पना पुष्कळ नंतर रुजली. पुढे अनेक ठिकाणी बालविभाग निघाले. परंतु वाचनालय हे मोठ्या माणसांचे ठिकाण आहे, तेथे मुलांनी हळूच डोकवावे आणि निघून जावे, ही जुनी सवय अजून पुरती मोडलेली नाही.

आता शाळेकडे वळू. शाळेत ग्रंथालय असावे, हे तर कायद्यानेच सांगितले आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ सालच्या कायद्यात, वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरची पुस्तके असलेले ग्रंथालय प्रत्येक शाळेत असावे, अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात अनेक लहान शाळांतून हे ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतील एक लोखंडी कपाट असते. कपाटाला कुलूप असते आणि किल्ली ज्या शिक्षकाकडे असते त्याच्यावर आणखी दहा कामांचा भार असतो. एखादे पुस्तक हरवले, तर तपासणीच्या वेळी उत्तर द्यावे लागेल, या धाकाने तो बिचारा कपाट शक्य तितके कमी उघडतो. पुस्तके सुरक्षित राहतात, नव्यासारखी कोरी राहतात. आणि ती कोरी राहिली हाच त्यांच्या जन्माचा दोष ठरतो.

समजा, एखाद्या उत्साही शिक्षकाने हे कपाट सताड उघडे ठेवले. तरीही तेवढ्याने भागत नाही. पहिली अडचण संग्रहाची. दोन-तीनशे पुस्तके वाचनाची खरी गोडी लागलेले मूल दोन वर्षांत संपविते. मग पुढे काय? दुसरी अडचण सुट्टीची. दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात मुलांपाशी वेळ भरपूर असतो. नेमक्या त्याच दिवसांत शाळेला कुलूप असते आणि कपाटही बंद असते. तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे, आणि तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. मूल शाळा सोडते.

या तिसऱ्या अडचणीचा थोडा विचार करा. सातवी, आठवी किंवा दहावी झाली की विद्यार्थी दाखला घेऊन बाहेर पडतो. त्याच दिवशी शाळेच्या ग्रंथालयावरील त्याचा हक्क संपतो. काही मुले महाविद्यालयात जातात. त्यांना तेथे पुस्तके मिळतात. पण जो मुलगा शेतीकडे वळला, जो गॅरेजमध्ये कामाला लागला, जी मुलगी घरच्या अडचणीमुळे शिक्षण सोडून शिलाईकामास बसली, त्यांचे काय? त्यांच्या घरी क्रमिक पुस्तकांखेरीज दुसरे पुस्तक कधी आलेलेच नसते. त्यांना नवे पुस्तक मिळण्याचे ठिकाण उरते ते एकच, गावचे सार्वजनिक ग्रंथालय. परंतु शाळेत असताना ज्याने त्या इमारतीचा उंबरठा ओलांडला नाही, तो शाळा सुटल्यावर ओलांडील, ही आशा व्यर्थ आहे. तेथे कसे जावे, कोणास काय विचारावे, पुस्तक कसे मागावे, हे त्यास ठाऊक नसते, आणि न ठाऊक असलेल्या दारापुढे माणूस संकोचतो. दहा वर्षे खर्चून आपण जे वाचन त्यास शिकविले, ते हळूहळू दुकानांच्या पाट्या आणि एस.टी.च्या फलकांपुरते उरते. हे नुकसान एका मुलाचे नाही, साऱ्या समाजाचे आहे.

ही गोष्ट शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका द्रष्ट्या राजाने ओळखली होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली आपल्या संस्थानातील अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली ते शिक्षण संस्थानभर लागू केले. परंतु शाळा काढून ते स्वस्थ बसले नाहीत. शाळेत शिकलेली अक्षरे पुस्तकांअभावी विसरली जातील, हे त्यांनी जाणले. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणविले आणि मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेडेगावच्या वाचनालयापर्यंत एक सबंध साखळी उभारण्यास आरंभ केला. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन होते. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठविल्या जात. तीच फिरती वाचनालये. गावकऱ्यांनी काही रक्कम उभी केली, की तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच संस्थान सरकारने घालावी, अशी योजना होती. शाळा आणि ग्रंथालय ही एकाच गाडीची दोन चाके आहेत, हे त्यांनी भाषणांत सांगून न थांबता कृतीत आणले.

याच काळातील दुसरे उदाहरण एका विद्यार्थ्याचे आहे. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा पुस्तक घेऊन वाचत बसे. घरची गरिबी होती. वडिलांना पुस्तकांची किंमत ठाऊक होती आणि प्रसंगी मुलींचे दागिने गहाण टाकूनही ते मुलासाठी पुस्तके आणीत. त्याच बागेत संध्याकाळी कृष्णाजी अर्जुन केळुस्कर नावाचे शिक्षक वाचावयास येत. ते विल्सन हायस्कुलात शिकवीत. मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलातला. तो त्यांचा विद्यार्थी नव्हता. तरीही त्यांनी त्याची विचारपूस केली आणि त्यास पुस्तके देण्यास सुरुवात केली. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला, तेव्हा केळुस्करांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यास भेट दिले. पुढे त्याच्या उच्च शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांचे साहाय्य मिळावे म्हणून खटपट करणारेही केळुस्करच होते. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. ज्यांनी पुढे आपल्या ग्रंथांसाठी दादरला ‘राजगृह’ बांधले, त्या बाबासाहेबांच्या वाचनास लहानपणी एका परक्या शाळेतील शिक्षकाचा हात लागला होता.

ही हकीकत वाचून आपण भारावून जातो. पण तिच्यातून घ्यावयाचा धडा केवळ भारावून जाण्याचा नाही. बाग तीच, वेळ तीच आणि शिक्षकही रसिक, असा योग जुळून आला म्हणून ही भेट झाली. प्रत्येक गरीब मुलास असे केळुस्कर भेटतीलच, याची हमी कोण देणार? त्यांनी आपल्या चांगुलपणाने एका मुलासाठी जे केले, ते हजारो मुलांसाठी व्यवस्थेने झाले पाहिजे. चांगली माणसे नेहमीच थोडी असतात. चांगली व्यवस्था मात्र साध्या माणसांकडूनही चांगले काम करवून घेते.

मग आजवर अशी व्यवस्था का झाली नाही? कारणे शोधू गेल्यास ती सापडतात. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि १ मे १९६८ पासून तो अमलात आला. त्यानुसार गावोगावची ग्रंथालये मान्यता मिळवितात, त्यांची अ, ब, क आणि ड अशी वर्गवारी होते आणि त्यांना शासनाचे अनुदान मिळते. आज अशी हजारो ग्रंथालये राज्यात आहेत. परंतु सार्वजनिक ग्रंथालये उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतात, तर शाळा शालेय शिक्षण विभागाच्या. दोन घरांचे दोन कारभारी. एकमेकांची विचारपूस करण्याचे बंधन कोणावरच नाही. त्यात वेळेची अडचण. अनेक वाचनालये सकाळी काही तास आणि सायंकाळी काही तास उघडी असतात. वाडीवस्तीवरून येणारी मुले सकाळी घाईने शाळेत पोहोचतात आणि सायंकाळची एस.टी. गाठण्यासाठी घाईने निघतात. मुलींना दिवेलागणीपूर्वी घरी पोहोचावे लागते. त्यात पुन्हा अनामत रक्कम आणि मासिक वर्गणी. मोठ्यांना ती क्षुल्लक वाटते. पण रोजंदारीवर जगणाऱ्या घरात मूल ती मागावयासही कचरते.

या अडचणी खऱ्या आहेत. मात्र त्यांतील एकही अशी नाही, की जिच्यापुढे हात टेकावेत. मला जे उपाय सुचतात ते सांगतो. पहिला उपाय सभासदत्वाचा. मुख्याध्यापकांच्या सहीच्या पत्रावर प्रत्येक विद्यार्थ्यास अनामतीवाचून बालविभागाचे सभासद करून घ्यावे. हमी शाळेची असावी. दुसरा उपाय तासिकेचा. वेळापत्रकात आठवड्यातून एक तास ग्रंथालयासाठी राखून ठेवावा आणि वर्गाने शिक्षकासह त्या तासाला वाचनालयातच जावे. त्या वेळी इतर वाचकांची वर्दळ नसेल, तर ग्रंथपालास मुलांकडे लक्ष देता येईल. तिसरा उपाय पेटीचा. जी शाळा दूर आहे, तिच्याकडे ग्रंथालयाने महिन्यातून एकदा निवडक पुस्तकांची पेटी पाठवावी आणि आधीची परत न्यावी. चौथा उपाय सुट्टीचा. शाळेला सुट्टी लागली, की बालविभाग दुपारच्या वेळीही उघडा ठेवावा. पाचवा उपाय सल्लामसलतीचा. ग्रंथालयाने मुलांची पुस्तके खरेदी करताना शिक्षकास विचारावे, आणि ग्रंथपालाने अधूनमधून वर्गात येऊन नव्या पुस्तकांची ओळख करून द्यावी.

यातील पेटीचा प्रयोग मी स्वतः केलेला आहे. मी ज्या तालुक्याच्या गावी मुख्याध्यापक होतो, तेथील वाचनालयाच्या चालकांनी आमची विनंती मान्य केली. पत्र्याची एक जुनी ट्रंक मिळाली. तीत चाळीस पुस्तके मावत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोन विद्यार्थी आमच्या शिपायाबरोबर जात आणि ट्रंक बदलून आणीत. देवघेवीची नोंदवही मुलेच ठेवीत. दाखल क्रमांक, पुस्तकाचे नाव, घेतल्याची तारीख, परत केल्याची तारीख, सारे त्यांच्याच हस्ताक्षरात. वर्षअखेरीस दोन-तीन पुस्तकांचा पत्ता लागला नाही आणि काहींची पाने सुटली. सुटलेली पाने मुलांनी कार्यानुभवाच्या तासाला खळ लावून चिकटविली आणि जाड पुठ्ठ्याची बांधणी केली. आपण बांधलेले पुस्तक कोणी निष्काळजीपणे हाताळले, की तीच मुले त्यास दटावू लागली.

या प्रयोगात दोन गोष्टी माझ्या ध्यानात आल्या. सातवीतील एक मुलगा गोष्टीच्या पुस्तकास हात लावीत नसे. सर्व शिक्षकांनी त्याची आशा सोडली होती. त्याचे वडील विहिरीवरचे पंप दुरुस्त करतात, असे मी बोलण्याच्या ओघात ग्रंथपालांना सांगितले. पुढच्या ट्रंकेत त्यांनी यंत्रांविषयीचे एक सचित्र पुस्तक मुद्दाम घातले. ते त्या मुलाने तीनदा वाचले, आणि मग तो दुसऱ्या पुस्तकांकडे वळला. मुलगा मला ठाऊक होता. पुस्तक ग्रंथपालांना ठाऊक होते. शिक्षक मुलास ओळखतो, ग्रंथपाल पुस्तकास ओळखतो. दोघे बोलल्यावाचून त्या मुलाची आणि त्या पुस्तकाची गाठ पडली नसती. दुसरी गोष्ट एका मुलीची. ती घरी नेलेले पुस्तक रात्री मोठ्याने वाची आणि तिची आई व आजी भाकरी थापताना, धान्य निवडताना ते ऐकत. पुस्तक एका नावावर नोंदले गेले होते. वाचले मात्र साऱ्या घराने. एखाद्या पुस्तकाचे वाचक किती, हे नोंदवहीवरून कधीच कळत नाही.

या योजनेवर काही आक्षेप घेतले जातात. ते टाळून पुढे जाणे योग्य नाही. पहिला आक्षेप असा, की मुले पुस्तके हरवतील, फाडतील. होय, काही हरवतील आणि काही फाटतील. पण दळणाचे जाते झिजू नये म्हणून ते कोणी झाकून ठेवीत नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. त्यांतील पहिल्याच सूत्राचा आशय असा, की ग्रंथ हे वापरासाठी असतात. वापराने जीर्ण झालेल्या पुस्तकाचे रीतसर निर्लेखन करता येते, त्याच्या जागी नवे घेता येते. न वाचता वाढलेल्या मुलाचे बालपण मात्र पुन्हा विकत आणता येत नाही. शाळेने आणि ग्रंथालयाने हे अल्पसे नुकसान समान वाटून घ्यावे, आणि एखाद्या शिक्षकाच्या किंवा ग्रंथपालाच्या माथी ते मारू नये. हा धाक गेला, की कपाटे आपोआप उघडतील.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो. अवांतर वाचनाने अभ्यास बुडतो, परीक्षेतील गुण कमी होतात, असे त्यांना वाटते. माझा अनेक वर्षांचा अनुभव याच्या उलट आहे. गणिताचे उदाहरण पुष्कळदा गणित न कळल्यामुळे अडत नाही. त्याची भाषा न कळल्यामुळे अडते. इतिहासाचे उत्तर पाठ असूनही लिहिता येत नाही, याचे कारण स्वतःची वाक्ये रचण्याची सवय नसते. ही सवय पाठांतराने लागत नाही; नाना तऱ्हेची पुस्तके वाचूनच लागते. पाठ्यपुस्तक हे शिदोरीसारखे आहे. ती जपून न्यावी हे खरे. पण जन्मभराची भूक एका शिदोरीवर भागत नाही.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. आता सर्व ज्ञान मोबाइलवर मिळते. मग ग्रंथालय हवे कशाला, असे विचारले जाते. मोबाइलचा मी द्वेष्टा नाही. एखाद्या शब्दाचा अर्थ किंवा एखाद्या देशाचा नकाशा त्यावर क्षणात सापडतो, ही मोठीच सोय आहे. परंतु एक विषय धरून तासभर त्यात रमणे, लेखकाच्या विचारामागून पाऊल पाऊल चालत जाणे, हे त्यावर साधत नाही. कारण मध्येच दुसरे चित्र आणि तिसरी सूचना मनास ओढून नेते. शिवाय, घरात एकच मोबाइल असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, अशीही कुटुंबे पुष्कळ आहेत. ज्ञान सर्वांसाठी खुले झाले, असे म्हणताना या घरांचा विसर पडता कामा नये. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात मात्र श्रीमंताचे आणि गरिबाचे मूल एकाच बाकावर बसते आणि एकच पुस्तक वाचते.

चौथा आक्षेप मला सर्वांत न्याय्य वाटतो. तो ग्रंथपालांचा आहे. लहान गावांतील ग्रंथपाल तुटपुंज्या वेतनावर काम करतात. कित्येक ठिकाणी झाडलोटीपासून हिशेबापर्यंत सारे एकाच माणसास पाहावे लागते. त्यांच्यावर मुलांचा आणखी भार टाकावयाचा का? केवळ आदेश काढून हा भार टाकला, तर तो अन्याय होईल. जे ग्रंथालय शाळांसाठी नेमाने काम करील, त्यास त्या कामापुरते वेगळे अनुदान मिळाले पाहिजे आणि तेथील सेवकास त्याचा मोबदला मिळाला पाहिजे. गावकऱ्यांनीही हात आखडता घेऊ नये. ज्यांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ही वाचनालये उभी केली ते काही सारे धनाढ्य नव्हते. आणि मुले ग्रंथालयात येतील ती केवळ पुस्तके मागण्यासाठी नव्हे. पुस्तके पुसणे, क्रमाने लावणे, नोंदी करणे, ही कामे ती आनंदाने करतील. योग्य रीतीने योजले, तर मुले भार न होता मदतीचे हात होतील.

काही चांगल्या गोष्टी आपल्या राज्यात घडत आहेत, हेही सांगितले पाहिजे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, म्हणजे १५ ऑक्टोबर, हा २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून शाळाशाळांतून साजरा होतो. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना काढून पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत पोहोचविल्या. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे २०१७ साली पुस्तकांचे गाव उभे राहिले. तेथे गावकऱ्यांनी आपल्या घरांचे दरवाजे वाचकांसाठी उघडले. या उपक्रमांचे मोल मोठे आहे. परंतु सण वर्षातून एकदा येतो; जेवण मात्र रोज लागते. एका दिवशी ग्रंथप्रदर्शन भरवून दुसऱ्या दिवशी पुस्तके पुन्हा कपाटात बंद करावयाची असतील, तर त्या दिवसाचा हेतू सफल होत नाही. त्या एका दिवसाची ऊब वर्षभर टिकावी, यासाठीच शाळा आणि ग्रंथालय यांचा नित्याचा करार हवा.

विद्यार्थिमित्रांनो, हे सर्व मोठ्यांनी करावयाचे आहे. पण तुम्ही त्यांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. तुमच्या गावात वाचनालय कोठे आहे, ते केव्हा उघडते, तेथे मुलांसाठी कोणती पुस्तके आहेत, याची चौकशी तुम्ही आजच करू शकता. दोघे-तिघे मिळून जा, म्हणजे संकोच वाटणार नाही. ग्रंथपालांना नमस्कार करून आपणांस काय आवडते ते मोकळेपणाने सांगा. क्रिकेट आवडत असेल तर क्रिकेट सांगा, पक्षी आवडत असतील तर पक्षी सांगा. पुस्तक न आवडल्यास लाजू नका. ते परत करून दुसरे मागा. घेतलेले पुस्तक वेळेवर परत करा. तुमच्या मागून येणारा कोणीतरी त्याची वाट पाहत असतो. तो तुम्हांस दिसत नाही इतकेच. आणि तुमच्या गावी वाचनालय नसेल, तर जवळच्या गावाहून पेटी आणता येईल का, हे तुमच्या गुरुजींना आणि बाईंना विचारा. मुलांनी नेटाने विचारलेल्या प्रश्नाकडे मोठ्यांना फार दिवस पाठ फिरविता येत नाही.

शेवटी एक सूचना करतो. शाळा सोडताना विद्यार्थ्यास शाळा सोडल्याचा दाखला मिळतो. त्यावर त्याचे नाव, जन्मतारीख, शेवटची इयत्ता आणि वर्तणूक लिहिलेली असते. तो त्याच्या शाळेतील दिवसांचा शेवट असतो. त्याच दिवशी, त्याच हाताने, मुख्याध्यापकांनी प्रत्येक मुलास व मुलीस गावच्या ग्रंथालयाचे सभासदपत्रही द्यावे. एका कागदावर शिक्षण येथवर झाले असे लिहिलेले असेल. दुसरा कागद सांगेल, की ते येथून पुढे चालू राहावयाचे आहे. हे दोन्ही कागद एकत्र देणारी शाळा आणि ते दोन्ही मानणारे ग्रंथालय ज्या गावात असेल, त्या गावातील मुलांचे वाचन शाळेच्या शेवटच्या घंटेबरोबर थांबणार नाही.